गच्चीवरच्या टबातली थैलीवाली

मिस्त्री कुणाकडे एसी दुरुस्त करायला गेले, की हत्यारांच्या पेटीबरोबर पाच लिटरचा एक रिकामा कॅनही नेत. काम आटोपलं की एसीच्या टपकणाऱ्या नळीखाली तो कॅन लावून ठेवायचे आणि घरातल्या माणसाला जरा संकोचूनच म्हणायचे, "हा भरला की तेवढा फोन करा. मी येऊन घेऊन जाईन."

"काय घेऊन जाल?"

"पाणी."

"हे घाण पाणी?"

"घाण नाही हो. हवेतलं बाष्प गार नळीवर जमून उतरलंय. क्षाराचा कण नाही त्यात."

लोक आपापल्या परीनं तर्क लढवायचे. कुणाला वाटे मिस्त्री ते बॅटरीत घालतात, कुणाला वाटे औषधात. एका दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तर हळूच बाजूला घेऊन विचारलं होतं, "गुडघ्यांना चोळता का? माझ्या आईचेही फार दुखतात." मिस्त्री हसून म्हणाले, "झाडांना घालतो. माशा खाणाऱ्या झाडांना." कंपाउंडरनं पुन्हा काही विचारलं नाही, पण कॅन मात्र दर आठवड्याला भरून दिला.

या पाण्याचा मिस्त्रींचा एक कडक नियम होता. ज्या एसीची कॉइल धुतली, त्याचं पाणी पुढचे आठ दिवस घ्यायचं नाही, कारण साबणाचा अंश उतरत राहतो. इतरांना जे पाणी गटाराचं वाटे, त्याचीही ते अशी पारख करायचे.

या वेडाला आता नऊ वर्षं झाली होती. कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एसी बंद पडला म्हणून ते गेले होते. शिडीवर उभे राहून पंख्याचा स्क्रू काढत असताना त्यांची नजर खिडकीतल्या एका कुंडीकडे गेली. वीतभरही नव्हतं ते रोप. पानांच्या टोकाला उघडे जबडे, आणि जबड्यांच्या काठाला पापण्यांसारखे केस. एक माशी येऊन त्या लालसर जबड्यात बसली. चालली. काही झालं नाही. दोन पावलं आणखी चालली, आणि जबडा मिटला. मिस्त्रींच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

"पाहिलंत?" प्रयोगशाळेचा परिचर म्हणाला. "आत बारीक केस असतात. एकदा धक्का लागला तर पान हलत नाही. काय सांगावं, वाऱ्यानं कचरा पडला असेल. लगेच दुसऱ्यांदा लागला, तरच मिटतं."

"म्हणजे ते मोजतं?"

"मोजतं तर!"

"अहो, हे तर आमच्या थर्मोस्टॅटपेक्षा हुशार निघालं!"

त्या दिवशी मिस्त्रींनी एसी कसा दुरुस्त केला ते त्यांनाच आठवत नाही. निघताना परिचरानं कागदी कपात एक अर्धमेलं रोप त्यांच्या हातात ठेवलं. "आमच्याकडे मरतंच आहे, घेऊन जा. नळाच्या पाण्यातले क्षार सोसत नाहीत याला. पावसाचं पाणी हवं, नाहीतर बाटलीतलं शुद्ध पाणी. रोज कोण आणणार?"

मिस्त्री जिना उतरत होते आणि वरून त्यांनीच नुकत्याच चालू केलेल्या एसीची नळी भिंतीवर टप टप गळत होती. ते मधल्या पायरीवरच थबकले. वीस वर्षं ज्या पाण्याला आपण गटाराची वाट दाखवली, तेच हे पाणी! त्यांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं, मग कप नळीखाली धरला. देवानं माणसाला कुठल्या शिडीवर चढवून काय दाखवावं, याचा काही नेम नाही.

ते रोप जगलं. मग एकाची दोन झाली, दोनाची चार. मग पानांवर चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू आली, मग झाकणाच्या सुरया लोंबवणारी घटपर्णी आली. बेकरीतला मोडीत निघालेला काचेचा शोकेस मिस्त्रींनी घरी आणला, त्यात ट्यूबलाइट आणि जुन्या कॉम्प्युटरचा चिमुकला पंखा बसवला, आणि बैठकीच्या खोलीत, जिथे लोक टीव्ही ठेवतात तिथे, घटपर्णीच्या सुरया डोलू लागल्या.

बायको शाळेच्या ऑफिसात कामाला होती. तिनं पहिल्या वर्षी कुरकुर केली, दुसऱ्या वर्षी पुस्तकं आणून दिली, आणि तिसऱ्या वर्षी एक अपराध केला. थंडीत त्या जबडेवालीला तीन महिने झोप लागते. त्यासाठी गारवा हवा म्हणून मिस्त्रींनी तिची रोपं मुळांशी ओल्या शेवाळात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवली होती. बायकोनं घाईघाईत पिशवी उघडली, जुडी विळीवर धरली, आणि अर्धी चिरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की या पालेभाजीला दात आहेत.

"अहो," ती आतून ओरडली होती, "तुमची कोण ती, तिच्या दोन माना उडाल्या!"

तेव्हापासून त्या पिशवीवर जाड अक्षरात चिठ्ठी असे: भाजी नाही.

खरी मौज मात्र गच्चीवर होती. एका गिऱ्हाइकाच्या न्हाणीघराची दुरुस्ती चालली होती आणि पांढराशुभ्र टब रस्त्यावर पडला होता. मिस्त्रींनी तो चार मजले चढवला. दोन हमाल लागले आणि वाटेत बऱ्याच शिव्याही लागल्या. टबाच्या दोन तृतीयांश भागात त्यांनी धुतलेली वाळू आणि कुजलेल्या शेवाळाची काळी हलकी माती भरली. खताचा कण नाही. उरलेला भाग वीटभर उंचीचा बांध घालून उघडा ठेवला, त्यात फक्त पाणी. ते पाणी बांधातून झिरपून माती कायम ओली ठेवी. झाली दलदल. त्या चिखलात जबडेवाल्या उन्हात लाल व्हायच्या, उंच नळकांड्यांची रोपं माना वर काढायची, आणि दवबिंदूंवर सकाळी सात वाजता असं काही चमकायचं की मिस्त्री दात घासायचे थांबायचे.

"खत का नाही घालत?" सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. सासरे गेल्यापासून त्या लेकीकडेच राहत.

"मरतील. ही उपाशी मातीतच जगतात, आई. यांचं जेवण वरून उडत येतं."

"म्हणजे अगदी देवाच्या भरवशावर," सासूबाई म्हणाल्या. पण लगेच त्यांना आठवलं की हे जेवण म्हणजे कुणाचा तरी जीव. त्यांचं आणि त्या झाडांचं तिथेच बिनसलं होतं. रोज सकाळी देवाचं नाव घेऊन झालं की त्या शोकेससमोर उभ्या राहायच्या, सुरईत डोकावायच्या, आणि आत कुणी बुडालेलं दिसलं तर पुटपुटायच्या, "देवा, याला पुढचा जन्म तरी पंखांसकट नीट दे." मग जावयाकडे वळून म्हणायच्या, "तुमचं चालू द्या हो जावईबापू. मी आपली त्यांच्या वतीनं दोन शब्द घातले."

आता थैलीवालीबद्दल. टबातल्या त्या उघड्या पाण्यात एक हिरवा, केसांसारखा गुंता तरंगत असे. ना पान, ना मूळ. पुस्तकातलं तिचं नाव उच्चारताना मिस्त्रींची जीभ अडखळायची, म्हणून त्यांनी तिला थैलीवाली करून टाकलं. त्या केसांना मोहरीएवढ्याही नाहीत अशा शेकडो थैल्या असतात. थैलीच्या तोंडाशी बारीक दार, दाराला केस. पाण्यातल्या कुणा जीवाचा धक्का लागला की दार उघडतं, पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो आणि दार बंद. पापणी लवायच्या आत. मिस्त्री म्हणायचे, "आमच्याकडे गॅस भरायच्या आधी नळीतली सगळी हवा ओढून घेतात ना, तसंच. आधी आत पोकळी, मग झटका!"

आणि ती खाते काय, तर मुख्य म्हणजे डासांच्या अळ्या. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगितलेली बरी.

खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहत. सरळ माणूस. पत्ता चुकलेलं पाकीटही आयुष्यात कधी टाकून दिलं नाही त्यांनी. त्या वर्षी त्यांच्या बायकोला डेंग्यू झाला. आठ दिवस दवाखान्यात, सलाईन, प्लेटलेट, रात्रंदिवस जीव टांगणीला. ती सुखरूप घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर गच्चीवर चढले. साचलेल्या पाण्याचा टब त्यांनी पाहिला.

"मिस्त्री, हे काय आहे?"

"दलदल आहे, मास्तर."

"मुद्दाम केलेली?"

"सहा वर्षं खपून केलेली."

"गाव दलदली बुजवतं, आणि तुम्ही गच्चीवर नवी काढता! माझी बायको मरता मरता वाचली. तुमच्या या टबात डास होत नाहीत कशावरून?"

मिस्त्री थैलीवालीबद्दल भरभरून बोलले. पोस्टमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाण्यातलं गवत डास खातं, हे तुम्ही मला तोंडी सांगता. मी लेखी विचारतो." आणि त्यांनी आरोग्य खात्याला अर्ज दिला.

आठवड्यानं दारावर कागद आला. सोमवारी सकाळी अकरा वाजता तपासणी. पाण्यात एकही जिवंत अळी आढळल्यास टब जागीच रिकामा करून नष्ट करण्यात येईल.

"एकही," बायकोनं दोनदा वाचलं. "एक म्हणजे एक."

"एकही सापडणार नाही," मिस्त्री छाती पुढे काढून म्हणाले. "सहा वर्षांत मी तिथे अळी पाहिलेली नाही. उलट येऊ दे त्यांना! सरकारी माणसाला थैलीवाली दाखवायची संधी काय रोज येते?" आणि ते बुधवारी फळांच्या कोठाराचा मोठा कूलर बसवायला चार दिवस परगावी निघून गेले. तिथे ते दिवसभर कानात गाणं असल्यासारखे काम करत होते. निरीक्षकांना काय सांगायचं, आधी जबडेवाली दाखवायची की शेवटी, याची उजळणी चालली होती.

रविवारी दुपारी चारला ते परतले, पेटी जिन्यातच ठेवली आणि थेट गच्चीवर गेले.

उघड्या भागातलं पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. टबाचा पांढरा तळ चकाकत होता. थैलीवाली नव्हती. एक केससुद्धा नव्हता. आणि त्या लख्ख पाण्यात, स्वल्पविरामासारख्या वळवळत, खाली-वर, खाली-वर, पन्नास-साठ अळ्या नाचत होत्या.

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. ते टबाच्या काठावरच बसले.

"अगं!" त्यांनी हाक मारली. दुसऱ्या हाकेला बायको आली, तिच्यामागे धापा टाकत सासूबाई.

"पाहिलंत ना?" सासूबाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. "गुरुवारी घासला. काथ्यानं! कंबर मोडली माझी. परकं माणूस तपासायला येणार, आणि त्यात तो जटांचा गुंता, बुळबुळीत. ते म्हणेल, या घरात कुणी बाईमाणूस आहे की नाही? म्हटलं, आपण आहोत ना. सगळं काढलं, घासलं, तुमच्याच कॅनमधलं पाणी भरलं. नळाचं नाही हो घातलं, तेवढं मला कळतं."

बायकोनं पाण्यात पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "आई, अगं, ते काढलंस? तेच तर डास खायचं!"

"तो गुंता?" सासूबाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, शेवाळं. झाडं ती इकडची, चिखलातली."

मिस्त्री टबाकडे बघत भिंतीशी बोलावं तसं बोलले, "कुठे टाकलं असेल आता. गटारात गेलं असेल."

बायको कामाची होती. ती खाली धावली आणि चहाची गाळणी घेऊन आली. दहा मिनिटं गाळलं. मोठ्या अळ्या निघाल्या, बारीक होत्या त्या जाळीतून सटकल्या. पुन्हा टबात वळवळ. "पाणीच उपसून टाकू," ती म्हणाली. "उद्या कोरडा भाग दाखवायचा. नाहीतर चमचाभर रॉकेल टाका वरून, अळ्या गुदमरून मरतात म्हणे. तेवढा उद्याचा दिवस निभेल."

"रॉकेल चिखलात उतरलं तर सगळं मरेल. आणि उपसलं, तर बांधातून पाझरून पुन्हा भरेल. कोपऱ्यात चार अळ्या राहतीलच," मिस्त्री म्हणाले. मग जरा थांबून: "आणि समजा निभला दिवस. मास्तरांची बायको आठ दिवस दवाखान्यात पडून होती, ते तू पाहिलंस. माझ्या टबात डास होत असतील तर टब जायला हवा. मी स्वतः फोडीन. पण होत नाहीत ते हिच्यामुळे होत नाहीत, फसवून नाही."

"कुणामुळे?" सासूबाईंनी विचारलं.

"त्या गुंत्यामुळे, आई."

"मग तो आणू का?"

दोघांनी वळून पाहिलं.

"टाकला कुठे मी?" सासूबाई जरा रागानंच म्हणाल्या. "हिरवा होता. जिवंत होता. हातात घेतला तर गार लागला, बाळाच्या जावळासारखा. गटारात टाकवेना मला. तुमची झाडं काय वाट्टेल ते खात असतील, मी कुणाला मारणार नाही. बादलीत ठेवलाय. टाकीच्या मागे, सावलीत. वर ताट झाकलंय, कावळ्यानं चोच मारू नये म्हणून."

मिस्त्री उठले ते जवळजवळ उडालेच. टाकीमागे निळी बादली, बादलीवर स्टीलचं ताट, ताटाखाली ती! हिरवीगार, पसरलेली, तक्रार नाही काही नाही. मिस्त्रींना काय करावं सुचेना. त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात धरले आणि नुसतेच हलवत राहिले.

"सोडा हो, हात दुखतात, टब घासलाय मी," सासूबाई म्हणाल्या, पण हसत होत्या.

सर्किटच्या पट्ट्या पाहायचं भिंग मिस्त्रींच्या खिशात असेच. त्यांनी एक केस उचलून भिंगाखाली धरला आणि ओरडले, "सगळ्या रिकाम्या! एकूण एक थैली रिकामी! वर ताट होतं ना, डास आत शिरलाच नाही. तीन दिवस कडकडीत उपाशी आहे ही!"

"अरे देवा," सासूबाई म्हणाल्या. "मी उपाशी ठेवलं?"

"बरं केलंत! फार बरं केलंत!"

ऊन अजून गच्चीवर होतं. तिघांनी मिळून ती बादली टबात अलगद ओतली. गुंता पसरला, एक टोक बांधाला लागलं, एक अळ्यांच्या घोळक्यात. सासूबाईंना त्यांनी पालथ्या कॅनवर बसवलं आणि भिंग हातात दिलं. "या एका थैलीकडे बघा. हलू नका."

सासूबाई वाकल्या. अळी वळवळत आली, गेली, पुन्हा आली. शेपटी थैलीच्या तोंडाला घासली.

"अगंबाई!"

"काय झालं?"

"होती, आणि नाही!" सासूबाईंनी भिंग डोळ्यापासून काढून पुन्हा लावलं. "आत आहे! आत फिरतेय! अगं, बघ, बघ, काचेच्या दाण्यात बसल्यासारखी!" बायकोनं भिंग ओढलं, सासूबाईंनी परत ओढलं. "थांब गं, दुसरी येतेय. ये, ये, इकडे ये, तिकडे कुठे चाललीस... गेली!" मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की आज त्यांनी पुढच्या जन्माचे ते दोन शब्द घातलेच नाहीत. "मास्तरांच्या बायकोला चावली असती ही," त्या म्हणाल्या, "मोठी झाल्यावर." आणि पुन्हा वाकल्या.

सोमवारी सकाळी सहाला मिस्त्रींनी मोजल्या: दिसल्या तेवढ्या नऊ. साडेसातला चार. नऊ वाजता एकही दिसेना, पण दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच असतं? थैल्या मात्र काळ्या पडल्या होत्या, भरलेल्या थैल्या तशाच दिसतात. दहाला बायकोनं शाळेत फोन करून उशीर होईल असं कळवलं. साडेदहाला सासूबाई स्वच्छ साडी नेसून पालथ्या कॅनवर येऊन बसल्या. तिथून त्यांना हलवायची कुणाची छाती नव्हती.

अकराला निरीक्षक बाई आल्या. तिशीच्या, पायात बूट, हातात लांब दांड्याचं पांढरं ओगराळं. मागून इस्त्रीच्या शर्टात पोस्टमास्तर, काखेत फाइल.

"टब हाच?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

मिस्त्रींना चार दिवस केलेली उजळणी आठवेना. "हाच," एवढंच म्हणाले.

"नियम सांगते. तीन जागी ओगराळं बुडवायचं. तिन्हीत जिवंत अळी नाही, तर टब राहील. एक जरी आढळली, तर माझा नाइलाज आहे."

"कबूल," मिस्त्री म्हणाले. पोस्टमास्तरांनी मान हलवली.

पहिलं ओगराळं बांधाजवळ बुडालं. पांढऱ्या तळावर निवळ पाणी. पाचही जण वाकले. काही नाही.

दुसरं मधोमध. एक वाळकं पान, एक मेलेली मुंगी. बाईंनी ओगराळं उन्हात तिरकं करून पाहिलं. काही नाही. मिस्त्रींना आपल्याच कानात काँप्रेसर चालू झाल्यासारखं वाटत होतं.

तिसरं त्यांनी मुद्दाम कोपऱ्यात, सावलीत बुडवलं. वर आलं तेव्हा त्यात थैलीवालीचा वीतभर केस आला होता. आणि त्याच्या शेजारी, पांढऱ्या तळावर स्पष्ट, एक इवलीशी अळी.

वळवळत होती.

"ही काय!" पोस्टमास्तर म्हणाले. आनंदानं नव्हे, खरं तर त्यांचा आवाज जरा पडलाच.

"हो," निरीक्षक बाई म्हणाल्या. "एक आहे." त्यांनी ओगराळं टबाच्या काठावर टेकवलं आणि खिशातून पेन काढायला हात घातला. बायकोनं मिस्त्रींचं मनगट धरलं. मिस्त्री त्या टबाकडे बघत होते, चार मजले चढवलेल्या, आणि मनात म्हणत होते, फोडायचा तर आपणच फोडू, हातोडा पेटीत आहे.

पेन खिशाच्या शिवणीत अडकलं होतं. अळी ओगराळ्याच्या कडेनं गेली, आपटून फिरली, मागे आली.

"अजून थोडी डावीकडे," सासूबाई पुटपुटल्या. "डावीकडे गं, बाई..."

पेन निघालं. बाईंनी कागद उघडला, आणि खात्री करायला पुन्हा ओगराळ्यात पाहिलं.

"कुठे गेली?"

"गेली!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "मी पाहिलं! खालून तिसरी थैली! मॅडम, हे घ्या, भिंग घ्या!"

निरीक्षक बाईंनी भिंग घेतलं. मग पेन कानावर खोचलं आणि जमिनीवर गुडघे टेकले, बूट-बीट विसरून. "शेपटी बाहेर आहे अजून... आत ओढली जातेय... गेली. पूर्ण गेली. हे... हे दर वेळी असं करतं?"

आणि मग मिस्त्रींची उजळणी सुरू झाली ती झालीच. पोकळी, दार, केस, झटका, गॅस भरायची नळी, सगळं एका श्वासात. बाई विचारत होत्या, ते सांगत होते, सासूबाई मध्येच "कालच्या एका संध्याकाळात मी अकरा पाहिल्या" अशी भर घालत होत्या. गुरुवारच्या घासण्याचंही मिस्त्रींनी सांगून टाकलं, कालच्या साठ अळ्यांसकट. लपवलं काही नाही. पाणी तीन दिवस उघडं राहिलं तर काय होतं, आणि ती एका रात्रीसाठी परत आली तर काय होतं, हे त्याच टबात घडलं होतं.

"पण मॅडम," पोस्टमास्तर फाइल सावरत म्हणाले, "नियमाप्रमाणे बघायचं तर... ती होती."

"होती," बाई म्हणाल्या. "मी पेन काढेपर्यंत नव्हती. मी लिहिताना जे आहे तेच लिहिते." आणि त्यांनी लिहिलं: तीन ओगराळी. जिवंत अळी शून्य. पाण्यातली वनस्पती काढू नये. महिन्याने पुन्हा पाहणी. खाली सही केली, मग पेन थांबवून विचारलं, "पुन्हा पाहणीला मी माझ्या ऑफिसातल्या दोघींना आणलं तर चालेल का? आणि त्या आतल्या काचेच्या कपाटाचं काहीतरी म्हणत होतात तुम्ही?"

"चालेल म्हणजे? चला, आत्ताच चला!" मिस्त्री जिन्याकडे धावले. बायको हसत शाळेला निघाली.

गच्चीवर पोस्टमास्तर आणि सासूबाई राहिल्या. पोस्टमास्तर टबाशी वाकून पाहत होते, अर्ज देणाऱ्या माणसानं पाहावं तसं, नीट, शंकेखोर. मग हळूच म्हणाले, "आमच्या गॅलरीत पाण्याचा ड्रम आहे एक."

"उघडा?"

"झाकण आहे. बसत नाही नीट. बायको म्हणत होती, तिथेच गुणगुण होते संध्याकाळी." ते थांबले. "अर्जात ते लिहायचं राहिलं माझ्याकडून."

सासूबाईंनी निळी बादली घेतली, टबातून थैलीवालीची एक मूठ अलगद उचलली, कॅनमधलं पाणी घातलं आणि वर तेच स्टीलचं ताट झाकलं.

पोस्टमास्तरांनी बादली रजिस्टर पत्रासारखी दोन्ही हातांत धरली. दोन पायऱ्या उतरले, आणि परत वळले. "हिला खायला काय घालायचं?"

"काही आणायला नको, मास्तर," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे आहे ते. फक्त घासू नका."